एंट्री-लेव्हल की प्रोफेशनल? डीएसएलआर कॅमेऱ्याची निवड कशी करावी

डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला आणि लेन्स बदलता येणारा कॅमेरा, घ्यायला निघालेल्या माणसाला दुकानात पहिला प्रश्न बजेटचा विचारला जातो आणि त्या आकड्यात बसणारी सर्वांत महाग बॉडी (लेन्सशिवायचा कॅमेरा) त्याच्यापुढे ठेवली जाते. माझ्या मते ही सुरुवातच उलटी आहे. आजवर आपल्याला कोणते फोटो हवे तसे मिळाले नाहीत आणि ते का मिळाले नाहीत, याचे उत्तर ज्याच्याजवळ नाही त्याने दोन कॅमेऱ्यांची तुलना करायला बसू नये. सकाळच्या स्वच्छ उन्हात, स्थिर विषयाचे, सारख्याच दर्जाच्या लेन्सने काढलेले फोटो शेजारी शेजारी ठेवले, तर एंट्री-लेव्हल बॉडीचा कोणता आणि प्रोफेशनल बॉडीचा कोणता हे अनुभवी डोळ्यालाही चटकन सांगता येत नाही. फरक जाणवू लागतो तो उजेड कमी झाल्यावर, विषय धावू लागल्यावर, पाऊस सुरू झाल्यावर किंवा एकाच दिवसात तीन हजार फोटो काढण्याची वेळ आल्यावर. यांपैकी कोणती वेळ तुमच्यावर वारंवार येते, हे आधी ठरवायचे आहे.

बाजाराची सद्यःस्थितीही सुरुवातीलाच लक्षात घेतली पाहिजे. कॅनन आणि निकॉन या दोन्ही कंपन्यांचा भर आता मिररलेस, म्हणजे आत आरसा नसलेल्या, कॅमेऱ्यांवर आहे. कॅननचा ईओएस-१डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे त्यांचे अव्वल डीएसएलआर २०२० मध्ये बाजारात आले आणि त्यानंतर त्या पंक्तीत बसेल असा नवा डीएसएलआर दोघांनीही आणलेला नाही. ज्यांना नवनवे तंत्र हवे आहे त्यांनी मिररलेसचाच विचार करावा. मात्र अनेक व्यावसायिक मिररलेसकडे वळल्यामुळे त्यांच्या डीएसएलआर बॉडी आणि लेन्स सेकंडहँड बाजारात आल्या आहेत, आणि नव्या एंट्री-लेव्हल किटच्या (बॉडी आणि साधी लेन्स एकत्र) आसपासच्या किमतीत एखादी जुनी फुल-फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरची, बॉडी मिळू शकते. त्यामुळे 'नवी साधी घ्यावी की जुनी प्रोफेशनल' हा प्रश्न आज पूर्वीपेक्षा अधिक जणांसमोर उभा आहे.

आधी स्वतःचे फोटो तपासा

गेल्या वर्षभरात तुम्ही काढलेले साधारण हजार फोटो संगणकावर उघडा. ते मोबाइलचे असोत किंवा मित्राच्या कॅमेऱ्याचे, हरकत नाही. जे फोटो तुम्हाला मनापासून हवे होते पण बिघडले, तेवढेच वेगळे काढा आणि प्रत्येकापुढे बिघडण्याचे कारण लिहा. कुठे फोटो हललेला असेल, कुठे अंधारामुळे दाणेदार झालेला असेल. कुठे फोकस चेहऱ्याऐवजी मागच्या भिंतीवर गेलेला असेल, कुठे नेमका क्षण निसटलेला असेल, तर कुठे पक्षी चौकटीत ठिपक्याएवढाच आला असेल. जे फोटो काढलेच गेले नाहीत तेही आठवून लिहा, कारण पावसाच्या भीतीने पिशवीतच राहिलेला कॅमेरा हीसुद्धा एक नोंद आहे.

ही यादी पूर्ण झाली की बऱ्याच जणांच्या लक्षात येते की निम्म्याहून अधिक अडचणींचा बॉडीशी थेट संबंधच नाही. लांबचा पक्षी लहान दिसतो तो लेन्स अपुरी असल्यामुळे. फोटो हलतो तो बऱ्याचदा शटरचा वेग कमी ठेवल्यामुळे. फोकस मागे जातो तो सगळे फोकस पॉइंट, म्हणजे चौकटीतले फोकस धरणारे बिंदू, कॅमेऱ्याच्या मर्जीवर सोडल्यामुळे. अशा चुका प्रोफेशनल बॉडीवरही तशाच होतील, किंबहुना अधिक होतील, कारण त्या बॉडीवर 'पोर्ट्रेट', 'स्पोर्ट्स' असे तयार मोड नसतात आणि सगळे निर्णय छायाचित्रकारालाच घ्यावे लागतात. ज्या अडचणी लेन्स किंवा सराव या दोन्हींनी सुटणार नाहीत, त्यांच्यासाठीच महाग बॉडीचा खर्च समर्थनीय ठरतो.

कमी उजेडाचा हिशोब

सर्वाधिक तक्रार कमी उजेडाची असते आणि याच तक्रारीवर बोट ठेवून फुल-फ्रेम बॉडी गळ्यात मारली जाते, म्हणून हा हिशोब नीट मांडतो. सेन्सर म्हणजे कॅमेऱ्यातला प्रकाश टिपणारा भाग. फुल-फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. एंट्री-लेव्हल बॉडीत असणारा सेन्सर, ज्याला आपण क्रॉप सेन्सर म्हणतो, निकॉनमध्ये साधारण २३.५ बाय १५.६ आणि कॅननमध्ये साधारण २२.३ बाय १४.९ मिलिमीटरचा असतो. म्हणजे क्षेत्रफळाच्या दृष्टीने फुल-फ्रेम सेन्सर सुमारे अडीच पट मोठा असतो, आणि तीच चौकट, तेच अॅपर्चर (लेन्समधले प्रकाश आत सोडणारे छिद्र) व तोच शटरवेग ठेवला तर तो एकूण जवळपास तेवढाच अधिक प्रकाश गोळा करतो. आयएसओ, म्हणजे प्रकाशाबाबतची संवेदनशीलता, वाढवल्यावर त्याच्या फोटोत दाणे कमी दिसतात त्याचे मुख्य कारण हेच आहे. हा फायदा खरा आहे आणि तो साधारण सव्वा स्टॉपचा आहे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश).

आता लेन्सकडे पाहा. एंट्री-लेव्हल कॅमेऱ्याबरोबर मिळणारी १८-५५ मिलिमीटरची किट लेन्स ५५ वर नेली की तिचे अॅपर्चर एफ/५.६ च्या पलीकडे उघडत नाही (एफचा आकडा जितका लहान तितके छिद्र मोठे). तिच्याऐवजी एफ/१.८ ची ५० मिलिमीटर लेन्स लावली, तर सेन्सरवर पडणारा प्रकाश जवळजवळ दहापट होतो. घरातल्या हळदीच्या कार्यक्रमात, ट्यूबलाइटच्या उजेडात, शटर १/१२५ ठेवून किट लेन्सला आयएसओ १२८०० लागत असेल, तर त्याच बॉडीवर एफ/१.८ ला साधारण १२५० पुरतो. बॉडी बदलून अडीच पट आणि लेन्स बदलून दहापट, असा हा हिशोब आहे. शिवाय ५० मिलिमीटर एफ/१.८ ही कॅनन आणि निकॉन या दोघांच्याही सर्वांत स्वस्त लेन्सपैकी एक आहे. त्यामुळे केवळ कमी उजेडाच्या तक्रारीवरून बॉडी बदलण्याआधी ही लेन्स घेऊन दोन महिने वापरून पाहावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

येथे दोन खबरदाऱ्या घ्याव्यात. क्रॉप सेन्सरवर ५० मिलिमीटरची लेन्स ७५ ते ८० मिलिमीटरसारखी वागते, त्यामुळे दहा बाय दहाच्या खोलीत माणसे चौकटीत मावत नाहीत. घरगुती समारंभांसाठी निकॉनवाल्यांनी ३५ मिलिमीटर एफ/१.८ डीएक्स आणि कॅननवाल्यांनी २४ मिलिमीटर एफ/२.८ ईएफ-एस या क्रॉप सेन्सरसाठीच्या लेन्सचा आधी विचार करावा. दुसरी खबरदारी केवळ निकॉनसाठी आहे आणि ती न घेतल्यामुळे अनेकांचे पैसे वाया गेलेले मी पाहिले आहेत. निकॉनच्या डी३५०० सारख्या एंट्री-लेव्हल बॉडीत फोकस फिरवणारी मोटर नसते. सेकंडहँड बाजारात स्वस्तात मिळणारी जुनी ५० मिलिमीटर एफ/१.८डी त्या बॉडीवर बसते, फोटोही निघतो, पण फोकस हाताने करावा लागतो. ज्या लेन्समध्ये स्वतःची मोटर आहे, म्हणजे जिच्या नावात एएफ-एस किंवा एएफ-पी आहे, तीच अशा बॉडीसाठी घ्यावी. डी७५०० आणि तिच्या वरच्या डीएसएलआर बॉडीत ही मोटर असते, त्यामुळे तेथे हा प्रश्न येत नाही. निकॉनचा मिररलेस घेऊन डीएसएलआरच्या लेन्स त्यावर बसवणारा एफटीझेड अॅडॉप्टर लावला, तरी त्या अॅडॉप्टरमध्ये मोटर नसल्यामुळे डी लेन्सचा ऑटोफोकस चालत नाही, हेही पुढचा विचार करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे.

धावता विषय आणि फोकस

प्रोफेशनल बॉडीचा पैसा खऱ्या अर्थाने जेथे वसूल होतो ते ठिकाण माझ्या अनुभवात फोकसचे आहे. कॅननच्या १५००डी या एंट्री-लेव्हल बॉडीमध्ये नऊ फोकस पॉइंट आहेत आणि त्यांपैकी केवळ मधला क्रॉस-टाइप आहे, म्हणजे आडव्या आणि उभ्या अशा दोन्ही रेषा पकडणारा आहे. निकॉन डी३५०० मध्ये अकरा पॉइंट असून तेथेही क्रॉस-टाइप एकच आहे. त्याउलट निकॉन डी८५० आणि डी५०० मध्ये १५३ पॉइंट आहेत आणि त्यांपैकी ९९ क्रॉस-टाइप आहेत. सलग फोटोंचा वेग १५००डी मध्ये सेकंदाला ३, डी३५०० मध्ये ५, डी८५० मध्ये ७, डी५०० मध्ये १० आणि डी६ मध्ये १४ आहे.

हे आकडे प्रत्यक्षात काय करतात ते वारीतल्या रिंगणात कळते. चांदोबाच्या लिंबाजवळ उभ्या रिंगणात अश्व वारकऱ्यांच्या रांगांमधून दौडत येतो तेव्हा तो आपल्यासमोर मोजके क्षणच असतो, त्याच्या मागेपुढे पताका आणि डोकी हलत असतात, आणि फोकस त्या गर्दीत अश्वावरून सुटला की परत पकडायला वेळ उरत नाही. एंट्री-लेव्हल बॉडीवर मला अशा वेळी मधला पॉइंट अश्वावर घट्ट धरून ठेवावा लागे आणि त्यामुळे प्रत्येक चौकटीत अश्व मधोमधच येई. प्रोफेशनल बॉडीवर पॉइंट बाजूला ठेवता येतो, तो बाजूचा पॉइंटही तितक्याच विश्वासाने फोकस धरतो, आणि समोरून एखादी पताका आडवी गेली तरी फोकस लगेच तिच्यावर उडी मारू नये अशी सूचना कॅमेऱ्याला आधीच देऊन ठेवता येते. हाती लागणाऱ्या फोटोंच्या संख्येत यामुळे पडणारा फरक मोठा असतो.

तरीही एंट्री-लेव्हल बॉडीवर धावत्या विषयाचे फोटो मिळतच नाहीत असे समजू नये. कॅननमध्ये एआय सर्व्हो आणि निकॉनमध्ये एएफ-सी हा सतत फोकसचा मोड निवडावा, फक्त मधला पॉइंट चालू ठेवावा, शटर १/१००० किंवा त्याहून वेगवान ठेवावे आणि चौकट थोडी सैल घेऊन नंतर कातरावी. २४ मेगापिक्सेलचा फोटो त्यासाठी पुरेसा मोठा असतो. वर्षातून दोन-चार वेळाच असे प्रसंग येत असतील तर एवढे पुरते. दर आठवड्याला क्रीडास्पर्धा किंवा दर हंगामात जंगल असेल, तर पुरत नाही.

प्रोफेशनल म्हणजे फुल-फ्रेमच, असे नाही

बोलताना आपण 'प्रो' आणि 'फुल-फ्रेम' हे शब्द एकाच अर्थाने वापरतो आणि त्यातून चुकीची खरेदी होते. निकॉनचा डी५०० आणि कॅननचा ७डी मार्क २ या दोन्ही बॉडींत क्रॉप सेन्सरच आहे, पण त्यांची बांधणी, फोकस आणि वेग व्यावसायिक दर्जाचे आहेत. दोघीही सेकंदाला १० फोटो काढतात. क्रॉप सेन्सरमुळे ३०० मिलिमीटरची लेन्स निकॉनवर ४५० आणि कॅननवर ४८० मिलिमीटरएवढा कोन देते, त्यामुळे भिगवणला नावेतून रोहित (फ्लेमिंगो) पक्षी टिपणाऱ्याला किंवा ताडोबात जिप्सीतून न उतरता वाघाचे चित्र घेणाऱ्याला मोठ्या सेन्सरपेक्षा अशी बॉडी अधिक सोयीची ठरते. हीच चौकट फुल-फ्रेमवर मिळवायची तर अधिक लांब, अधिक जड आणि कित्येक पट महाग लेन्स लागते.

याच्या नेमके उलट काम लग्नाचे, वास्तूंचे आणि रात्रीच्या आकाशाचे आहे. मंगल कार्यालयाच्या दाटीत वाइड लेन्सचा पूर्ण कोन लागतो आणि फ्लॅश न वापरता वधूवरांच्या चेहऱ्यावरचा दिव्यांचा प्रकाश तसाच राखायचा असतो. पावसाळ्याच्या तोंडावर भंडारदऱ्याच्या परिसरात काजव्यांचे फोटो घेताना दीर्घ एक्स्पोजरमध्ये दाणे कमी येणे फार मोलाचे असते. येथे फुल-फ्रेमचा तो सव्वा स्टॉप उपयोगी पडतो, कारण लेन्स आधीच पूर्ण उघडलेली असते आणि तिच्याकडून आणखी काही मिळण्यासारखे उरलेले नसते.

पाऊस, धूळ आणि भंडारा

व्यावसायिक बॉडीच्या बटणांच्या, झाकणांच्या आणि माउंटच्या (लेन्स बसवण्याच्या कड्याच्या) सांध्यांमध्ये रबरी पट्ट्या असतात, त्यामुळे पावसाचे शिंतोडे आणि धूळ सहजासहजी आत शिरत नाही. एंट्री-लेव्हल बॉडीत ही सोय नसते. परंतु दुकानात जे सहसा सांगितले जात नाही ते असे की, लेन्सही तशाच बांधणीची नसेल तर बॉडीच्या या गुणाला फारसा अर्थ उरत नाही, कारण पाणी शिरण्याची सर्वांत मोठी फट लेन्स आणि बॉडी यांच्या सांध्यातच असते. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्याभोवती रबराची बारीक चकती आहे का, हे हाताने तपासून पाहावे. किट लेन्सना ती साधारणपणे नसते.

जेजुरीला सोमवती अमावस्येला पहिल्यांदा गेलो तेव्हा माझ्याजवळ एंट्री-लेव्हल बॉडी आणि झूम होताना पुढे-मागे सरकणारी लेन्स होती. भंडारा हळदीइतका मऊ असतो आणि हवेत तरंगत राहतो. लेन्सची नळी बाहेर येताना तो तिच्यावर बसला आणि आत जाताना तिच्याबरोबर आत गेला. झूमची कडी करकरू लागली, सेन्सरवर पिवळट ठिपके आले आणि दोन्ही वस्तू स्वच्छतेसाठी पाठवाव्या लागल्या. त्यानंतर मी तेथे लेन्स कधीही बदलत नाही, शक्यतो झूम वापरत नाही आणि बॉडीभोवती पारदर्शक पिशवी बांधून पुढचा भाग रबरबँडने लेन्सच्या हूडवर आवळतो. एवढी काळजी घेतली तर साधी बॉडीही भंडाऱ्यात आणि दिवेघाटातल्या पावसात तास-दोन तास सुखरूप राहते. मात्र पोटापाण्यासाठी दरवर्षी पावसात उभे राहावे लागणार असेल, तर पिशवीवर विसंबून राहू नये.

रोजच्या कामाचा भार

कॅमेऱ्याने पैसे कमवायचे असतील तर तीन गोष्टींचा विचार वेगळा करावा लागतो. पहिली, कार्डांचे दोन स्लॉट. लग्नातील अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा घडवता येत नाही, आणि मेमरी कार्ड कोणत्याही कंपनीचे असले तरी कधी ना कधी दगा देते. दोन स्लॉट असलेल्या बॉडीत प्रत्येक फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिता येतो. १५००डी आणि डी३५०० मध्ये एकच स्लॉट आहे. दुसऱ्याच्या समारंभाचे मानधन घेणाऱ्याने एका स्लॉटच्या बॉडीवर काम करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि दोन स्लॉटची जुनी बॉडी एका स्लॉटच्या नव्या बॉडीपेक्षा त्याने अधिक मोलाची मानावी.

दुसरी, शटरचे आयुष्य. डी८५० चे शटर २ लाख, कॅननच्या ५डी मार्क ४ चे दीड लाख आणि १डी एक्स मार्क ३ चे ५ लाख फोटोंपर्यंत चाचणी केलेले आहे. डी३५०० साठी हा आकडा १ लाखाचा आहे. वर्षाला चाळीस लग्ने आणि प्रत्येक लग्नात अडीच हजार फोटो धरले तर एका वर्षातच १ लाखाचा टप्पा गाठला जातो. याउलट हौसेने वर्षाला दहा हजार फोटो काढणाऱ्याला तेच शटर दहा वर्षे पुरू शकेल, आणि म्हणून हौशी माणसाने शटरच्या आयुष्यासाठी अधिक पैसे मोजण्याचे कारण नाही.

तिसरी, हाताळणी. प्रोफेशनल बॉडीवर अंगठ्यासाठी एक आणि तर्जनीसाठी एक अशा दोन चकत्या असतात, त्यामुळे शटर आणि अॅपर्चर डोळा व्ह्यूफाइंडरवरून न हलवता बदलता येतात. साध्या बॉडीवर एकच चकती असते आणि दुसरी गोष्ट बदलण्यासाठी एक बटण दाबून धरावे लागते. व्ह्यूफाइंडरही वेगळा असतो. एंट्री-लेव्हलमध्ये आरशांनी बनवलेला पेंटामिरर असतो आणि तो चौकटीचा ९५ टक्के भागच दाखवतो. डी८५० मध्ये काचेचा पेंटाप्रिझम असून तो पूर्ण चौकट, अधिक मोठी आणि अधिक उजळ दाखवतो. चष्मा लावणाऱ्यांनी आणि हाताने फोकस करणाऱ्यांनी हा फरक दुकानात डोळ्याला लावूनच पाहावा.

मेगापिक्सेलबद्दल थोडक्यातच सांगतो. अल्बमचे १२ बाय १८ इंचांचे पान ३०० डीपीआयने छापायला साधारण साडेएकोणीस मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलच्या साध्या बॉडीत तेवढे आहेत. डी६ आणि १डी एक्स मार्क ३ या अव्वल बॉडींत तर २० मेगापिक्सेलच्या आसपासच आहेत. डी८५० चे ४५.७ मेगापिक्सेल मोठ्या छपाईसाठी आणि खूप कातरण्यासाठी उपयोगी आहेत, पण त्याची एक रॉ (प्रक्रिया न केलेली मूळ) फाइल साधारण ५० एमबीची होते, म्हणजे हजार फोटोंना ५० जीबी. जुना लॅपटॉप या फाइली उघडताना अडखळतो, आणि कॅमेऱ्यापाठोपाठ लॅपटॉप व हार्ड डिस्क यांचाही खर्च येतो.

आणि वजन. डी३५०० बॅटरी-कार्डासह ४१५ ग्रॅम आहे. किट लेन्स धरून सुमारे ६२० ग्रॅम. डी८५० एकटाच १००५ ग्रॅम आहे, आणि त्याच्या तोडीची २४-७० एफ/२.८ लेन्स लावली की दोन किलोंच्या पुढे जातो. हरिश्चंद्रगडावर नळीच्या वाटेने चढणाऱ्याला हा फरक पहिल्या तासातच खांद्याला कळतो. मी अनेक ट्रेकर मित्रांना फुल-फ्रेम घेतल्यावर कॅमेरा घरी ठेवून जाताना पाहिले आहे. ज्या बॅटरीबद्दल सर्वांना शंका असते तिच्याबाबत मात्र साधी बॉडी नेहमीच मागे नसते. कंपनीच्या मोजणीनुसार डी३५०० एका चार्जमध्ये १५५० फोटो देतो, तर कॅननचा १५००डी सुमारे ५००.

मग कोणी काय घ्यावे

पहिलाच कॅमेरा असेल, फोटोग्राफी शिकायची असेल, प्रवास, घरचे समारंभ आणि गडकिल्ले हाच विषय असेल, तर एंट्री-लेव्हल बॉडी घ्यावी आणि उरलेल्या पैशांत एक एफ/१.८ लेन्स, एक बरा ट्रायपॉड आणि हवाबंद डबा घ्यावा. हवाबंद डबा म्हणताना मी गंभीर आहे. मुंबई आणि कोकणच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी लागायला फार दिवस लागत नाहीत. सिलिका जेलची पुडी टाकलेला डबा किंवा ४० ते ५० टक्के आर्द्रता राखणारे ड्राय कॅबिनेट असावे, आणि चामड्याच्या केसमध्ये लेन्स कधीही साठवू नये. एकूण रकमेच्या निम्म्याहून अधिक बॉडीवर खर्च होत असेल तर निवड पुन्हा तपासावी, असा माझा साधा नियम आहे.

समारंभाची कामे घ्यायला सुरुवात करणाऱ्याने नवी एंट्री-लेव्हल बॉडी टाळून दोन स्लॉटची सेकंडहँड फुल-फ्रेम पाहावी. निकॉनमध्ये डी७५०, कॅननमध्ये ५डी मार्क ३ या अजूनही भरवशाच्या आहेत. कॅननच्या ग्राहकांनी एक गोष्ट येथे तपासावी: क्रॉप बॉडीसाठी घेतलेल्या ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेम कॅनन डीएसएलआरवर बसत नाहीत. निकॉनच्या डीएक्स लेन्स फुल-फ्रेमवर बसतात, पण सेन्सरचा मधला भागच वापरतात. म्हणून पुढे फुल-फ्रेमकडे जाण्याचा विचार पक्का असेल तर पहिल्या दिवसापासून लेन्स फुल-फ्रेमच्याच घ्याव्यात. वन्यजीवांसाठी डी५०० किंवा ७डी मार्क २ आणि लांब झूम ही जोडी मला सर्वांत शहाणपणाची वाटते. अजूनही मनाची तयारी होत नसेल तर पुण्या-मुंबईत प्रोफेशनल बॉडी दिवसाच्या भाड्याने मिळते. ज्या प्रसंगासाठी ती हवी आहे, त्याच प्रसंगी एकदा भाड्याने घेऊन वापरावी.

सेकंडहँड घेताना

लेन्स दोन्ही बाजूंनी उघडी ठेवून एका टोकाकडून मोबाइलचा टॉर्च आत सोडावा आणि दुसऱ्या टोकाकडून पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी आहे आणि ती लेन्स घेऊ नये. नंतर एफ/१६ वर पांढऱ्या भिंतीचा फोकसबाहेरचा फोटो घ्यावा. त्यात दिसणारे धूसर ठिपके सेन्सरवरील धुळीचे असतात आणि स्वच्छ करता येतात, मात्र सरळ ओरखडा दिसला तर सौदा सोडावा. शटर काउंट, म्हणजे बॉडीने आजवर काढलेल्या फोटोंचा आकडा, निकॉनच्या फोटोफाइलमध्येच नोंदलेला असतो आणि तो वाचणारी साधने इंटरनेटवर मोफत मिळतात. बऱ्याच कॅनन बॉडींसाठी मात्र वेगळे सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटर लागते. दोन्ही कार्ड स्लॉटमध्ये कार्ड घालून फोटो लिहिला जातो का ते पाहावे, प्रत्येक चकती दोन्ही दिशांना फिरवावी आणि पकडीचे रबर सुटले आहे का ते दाबून पाहावे. बिलावरील क्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळला पाहिजे. कॅननचा २००डी मार्क २ घेत असाल तर त्याच्या हॉट शूमध्ये (फ्लॅश बसवण्याच्या वरच्या खाचेत) मधला संपर्कबिंदू नाही हे लक्षात ठेवावे, कारण इतर कंपन्यांचे अनेक स्वस्त फ्लॅश आणि ट्रिगर त्यावर चालत नाहीत.

शेवटची तपासणी फोकसची करावी. टेबलावर वर्तमानपत्र पसरून कॅमेरा तिरका धरावा, अॅपर्चर पूर्ण उघडून मधल्या पॉइंटने एका विशिष्ट ओळीवर फोकस करावा आणि तीच ओळ सर्वांत स्पष्ट आली आहे का ते पाहावे. फोकस थोडा पुढे किंवा मागे पडत असेल तर प्रोफेशनल बॉडीत तो मेनूमधून दुरुस्त करता येतो. १५००डी किंवा डी३५०० मध्ये ती सोय नाही, त्यामुळे तेथे लेन्स आणि बॉडी यांची जोडी एकत्रच तपासून घ्यावी लागते. हे फोटो कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर पाहून समाधान मानू नये. लॅपटॉप बरोबर न्यावा, ते १०० टक्के मोठे करून पाहावेत आणि मगच पैसे द्यावेत.